घराण्यात स्मृतिभ्रंश असेल, तर तो आपल्यालाही होणारच का?

निशिगंध (विलेपार्ले)

नमस्कार. या विषयावर लिहावे की नाही, याचा मी बरेच दिवस विचार करत होते, कारण गोष्ट घरातली आहे. तरीही लिहिते आहे, कारण आमच्या घरात सध्या जी भीती आहे तिचे नेमके स्वरूप मला समजून घ्यायचे आहे.

माझी आई ७९ वर्षांची आहे. तिने ३१ वर्षे गिरगावातल्या एका शाळेत गणित शिकवले. विलेपार्ले ते चर्नी रोड हा प्रवास तिच्या इतका अंगवळणी पडला होता की गाडीत डुलकी लागली तरी ती आपल्या स्टेशनाच्या आधी बरोबर जागी होत असे. सहा वर्षांपूर्वी एका दुपारी ती दादरच्या पुलावर उभी राहून एका फुलवाल्याला विचारत होती, की मला कुठे जायचे आहे हे तुम्हाला ठाऊक आहे का. त्या भल्या माणसाने तिच्या पर्समधल्या डायरीतून माझा क्रमांक शोधून फोन केला. पुढे तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी अल्झायमर, म्हणजे स्मृतिभ्रंशाचा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार, असल्याचे सांगितले. तिच्या थोरल्या बहिणीलाही हाच आजार होता. आमची आजी गुहागरजवळच्या गावी राहायची. तिच्याविषयी लहानपणी एवढेच ऐकले होते की शेवटी तिला म्हातारचळ लागला होता.

माझा धाकटा भाऊ ४९ वर्षांचा असून ठाण्याला राहतो. गेल्या महिन्यात त्याने एका खासगी प्रयोगशाळेत संपूर्ण शरीराची तपासणी करून घेतली आणि थोडे जास्तीचे पैसे भरून त्यात जनुकीय चाचणीही घातली. चार दिवसांनी ईमेलवर अहवाल आला. त्यात ‘एपीओई ई३/ई४’ असे लिहून पुढे ‘अल्झायमरचा धोका तिप्पट’ अशी एकच ओळ लाल अक्षरांत होती. त्याचा अर्थ समजावणारे तिथे कोणीही नव्हते. तेव्हापासून तो रात्री उठून घरातल्या सगळ्यांचे मोबाईल क्रमांक न बघता म्हणता येतात का, हे पाहत बसतो. एखादा आकडा चुकला की पुन्हा झोप लागत नाही.

‘तिप्पट’ म्हणजे नेमके किती? मी ५३ वर्षांची आहे, मग मीही ही चाचणी करावी का? आणि माझ्या २४ वर्षांच्या मुलीला यातले काय सांगावे? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

सूक्ष्मदर्शी (परळ)

निशिगंधताई, मी निवृत्त होईपर्यंत रेणवीय जीवशास्त्र शिकवत होतो. वैद्यकीय सल्ला देण्याचा माझा अधिकार नाही, परंतु अहवालातील त्या ओळीविषयी निश्चितपणे लिहू शकतो.

एपीओई हे जनुक आपल्या १९व्या गुणसूत्रावर असते. त्याच्यापासून तयार होणारे प्रथिन चरबीची, विशेषतः कोलेस्टेरॉलची, ने-आण करते, आणि मेंदूतील पेशींना आपली आवरणे सांधण्यासाठी हा माल सतत लागत असतो. या जनुकाचे ई२, ई३ आणि ई४ असे तीन प्रकार सर्वसाधारणपणे आढळतात. प्रत्येकाकडे जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून आलेली; ‘ई३/ई४’ म्हणजे एक प्रत ई३ आणि एक ई४. प्रथिनाच्या २९९ अमिनो आम्लांच्या साखळीत ई३ आणि ई४ यांच्यात फक्त ११२व्या जागी फरक आहे, पण तेवढ्याने प्रथिनाची घडी बदलते आणि मेंदूत साठणाऱ्या अमायलॉइड या चिकट द्रव्याचा निचरा मंदावतो. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात अ‍ॅलन रोझेस यांच्या गटाने १९९३ मध्ये ई४ आणि उतारवयातील अल्झायमर यांचा संबंध दाखवून दिला. तीन दशकांनंतरही उतारवयातील आजाराशी जोडलेल्या सामान्य जनुकीय फरकांत सर्वांत प्रभावी फरक हाच मानला जातो.

आता ‘तिप्पट’ या शब्दाकडे येऊ. हा शब्द खोटा नाही, पण कशाच्या तिप्पट आणि कोणत्या वयापर्यंत, हे सांगितल्याखेरीज तो अपुराच राहतो. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या विश्लेषणात असे दिसले की जनुकीय प्रकार लक्षात न घेता पाहिले, तर वयाच्या ८५व्या वर्षापर्यंत अल्झायमर होण्याची शक्यता पुरुषांत सुमारे ११ टक्के आणि स्त्रियांत सुमारे १४ टक्के असते. ई४ ची एक प्रत असलेल्या पुरुषांत ती सुमारे २३ टक्के आणि स्त्रियांत सुमारे ३० टक्के निघाली. दोन्ही प्रती ई४ असतील, तर मात्र ती ५० टक्क्यांच्या पुढे जाते. तुमच्या भावासारखे शंभर पुरुष घेतले, तर ८५ वर्षांपर्यंत त्यांच्यातील साधारण ७७ जणांना हा आजार झालेला नसेल. हे वाक्य त्या अहवालात लाल ओळीच्या शेजारी छापले असते, तर त्यांच्या बऱ्याच रात्री वाचल्या असत्या.

शिवाय हे आकडे युरोपीय वंशाच्या लोकांवरून काढलेले आहेत. ई४ चा परिणाम जपानी लोकांत अधिक तीव्र आणि आफ्रिकी वंशाच्या लोकांत सौम्य असल्याचे दिसून आले आहे, म्हणून एका समूहाचा आकडा दुसऱ्याला जसाच्या तसा लावता येत नाही. आपल्याकडे हरियाणातील बल्लभगढ येथे एक भारत-अमेरिका संयुक्त अभ्यास झाला होता. तेथील खेड्यांत ई४ चे प्रमाण अमेरिकेतील तुलनेच्या गटापेक्षा कमी आढळले आणि अल्झायमरचे प्रमाणही कमी होते, मात्र ज्यांच्यात ई४ होते त्यांच्यात त्याचा आजाराशी असलेला संबंध अमेरिकेसारखाच दिसला. मराठी माणसांसाठी वेगळा, भरवशाचा आकडा छापावा इतका अभ्यास माझ्या पाहण्यात नाही, त्यामुळे कोणत्याही प्रयोगशाळेने तो इतक्या ठामपणे सांगावा हे मला पटत नाही.

मुलुंडकर

सूक्ष्मदर्शी सर, एक प्रश्न विचारतो. माझ्या पत्नीच्या थोरल्या भावाला वयाच्या ४८व्या वर्षी हा आजार सुरू झाला आणि त्यांचे वडीलही पन्नाशीतच असेच गेले. सगळे आम्हाला सांगतात की खाण तशी माती, आता उपाय नाही. आमचे प्रकरण आणि निशिगंधताईंचे प्रकरण एकच आहे का?

सूक्ष्मदर्शी (परळ)

मुलुंडकर, दोन्ही प्रकरणे एक नाहीत, आणि या संपूर्ण चर्चेत मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा मुद्दा तुम्ही आणला आहे. कुटुंबात आजार किती जणांना झाला, हे लोक आवर्जून सांगतात. तो कोणत्या वयात सुरू झाला, हे मात्र क्वचितच सांगतात. खरे पाहता पहिला प्रश्न वयाचा असायला हवा.

साठीच्या आत, विशेषतः चाळिशी-पन्नाशीत, एकामागून एका पिढीत सुरू होणारा अल्झायमर पुष्कळदा एकाच जनुकातील बिघाडामुळे होतो. अशी तीन जनुके माहीत आहेत: २१व्या गुणसूत्रावरील एपीपी, १४व्यावरील प्रेसेनिलिन-१ आणि पहिल्यावरील प्रेसेनिलिन-२. यांच्यातील घातक बदल आई किंवा वडिलांकडून आला, तर प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता निम्मी असते, आणि ज्याला तो मिळाला त्याला आजार जवळजवळ निश्चितपणे होतो. अशी कुटुंबे सर्व अल्झायमर रुग्णांच्या एक टक्क्याहूनही कमी आहेत. कमी वयातील स्मृतिभ्रंशाला अल्झायमरखेरीज मेंदूच्या पुढच्या भागाचे आनुवंशिक आजार किंवा नॉच-३ या जनुकामुळे होणारा रक्तवाहिन्यांचा आजारही कारण असू शकतो. म्हणून तुमच्या मेहुण्यांना न्यूरॉलॉजिस्टबरोबरच जनुकीय समुपदेशकाकडेही अवश्य न्या. चाचणी आधी आजारी व्यक्तीची करतात. तिच्यात बदल सापडला, तरच बाकीच्यांची चाचणी करण्याला काही अर्थ उरतो.

‘उपाय नाही’ या वाक्यावरही थोडे लिहितो. कोलंबियातील अँतिओकिया प्रांतात प्रेसेनिलिन-१ मधील एकच बदल पिढ्यान्‌पिढ्या वाहणारे एक फार मोठे कुळ आहे आणि फ्रान्सिस्को लोपेरा या न्यूरॉलॉजिस्टांनी आपले आयुष्य त्या कुळाच्या अभ्यासाला दिले. तिथे साधारण ४४व्या वर्षी पहिली लक्षणे दिसतात आणि ४९च्या सुमारास स्मृतिभ्रंश होतो. त्याच कुळातील एका स्त्रीत हा घातक बदल असूनही तिची स्मृती सत्तरीपर्यंत बऱ्यापैकी शाबूत राहिली. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार तिच्या मेंदूत अमायलॉइड भरपूर होते, परंतु पेशींचा नाश करणारे टाऊ हे द्रव्य फारसे पसरलेले नव्हते. तिच्या एपीओई जनुकाच्या दोन्ही प्रतींत ख्राइस्टचर्च नावाचा एक दुर्मीळ बदल होता आणि त्यानेच तिला वाचवले असावे, असे संशोधकांना वाटते. ज्या जनुकाच्या नावाने निशिगंधताईंचा भाऊ घाबरला आहे, त्याच जनुकाच्या एका निराळ्या रूपाने एका बाईला जवळजवळ तीस वर्षे दिली, आणि आता त्याची नक्कल करणारे औषध तयार करता येईल का, यावर काम सुरू आहे.

सांजवेळ (डोंबिवली)

मी सासूबाईंना नऊ वर्षे सांभाळले. शास्त्र वरच्या प्रतिसादांत आलेच आहे, म्हणून मी दुसऱ्या बाजूविषयी लिहिते.

आपल्याकडे ‘आनुवंशिक’ हा शब्द घरात शिरला की तो सर्वांत आधी सुनेच्या माहेराकडे बोट दाखवतो. माझ्या नणंदेच्या मुलीचे लग्न ठरत असताना तिच्या आईकडच्या आजीला काय झाले होते, अशी विचारणा झाली आणि घरातल्या मोठ्यांनी एकमताने ‘वय झाले होते’ एवढेच उत्तर दिले. या लपवाछपवीमुळेच कोणाला किती वयात काय झाले, हे पुढच्या पिढीला कळत नाही. निशिगंधताई, तुम्हाला आजीविषयी फक्त ‘म्हातारचळ’ हा शब्द मिळाला, यात तुमच्या घराचा काही वेगळा दोष नाही. सगळ्या घरांत असेच होते.

मुलीपासून लपवू नका, एवढे मात्र मी कळकळीने सांगेन. आजीला आजार आहे हे ती रोज पाहतेच आहे. मोठी माणसे दाराआड काय कुजबुजतात याचा अंदाज मुले स्वतःच बांधतात, आणि तो अंदाज खऱ्यापेक्षा नेहमी वाईट असतो.

पारिजातक (गिरगाव)

मी जनरल प्रॅक्टिस करतो. जनुकांविषयी सूक्ष्मदर्शींनी उत्तम लिहिले आहे. माझे म्हणणे असे, की जनुकीय अहवाल हातात आला की माणसे साध्या गोष्टी विसरतात, आणि त्या साध्या गोष्टींत पुष्कळ काही हाताशी असते.

विसराळूपणाची तक्रार घेऊन माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाची मी आधी बी-१२ आणि थायरॉइडची तपासणी करतो. शाकाहारी घरांत बी-१२ ची कमतरता भरपूर आढळते आणि ती वेळेत भरून काढली तर स्मृती सुधारू शकते. नैराश्य, झोपेच्या गोळ्यांचा दीर्घ वापर, पडल्यानंतर कवटीच्या आत हळूहळू साठलेले रक्त आणि मेंदूतील पाण्याचा अडथळा हीसुद्धा स्मृतिभ्रंशासारखी लक्षणे दाखवतात. यांतील एकही कारण जनुकीय चाचणीत दिसत नाही. निशिगंधताई, तुमचे बंधू रात्री उठून क्रमांक पाठ म्हणतात, हे मला स्मृतीपेक्षा चिंतेचे लक्षण वाटते. अपुऱ्या झोपेने कोणाचीही स्मृती ढासळते, तेव्हा त्यांनी या चिंतेसाठीही डॉक्टरांना भेटावे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते.

‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ आयोगाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणारे, पण बदलता येण्याजोगे १४ घटक मांडले आणि ते सर्व दूर करता आले, तर जगातील सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टाळता किंवा पुढे ढकलता येईल, असा अंदाज दिला. त्यांत उच्च रक्तदाब, मधुमेह, वाईट कोलेस्टेरॉल, धूम्रपान, कमी शिक्षण, डोक्याला झालेली इजा, एकटेपणा आणि हवेचे प्रदूषणही आहे. ऐकू कमी येणे आणि अधू झालेली दृष्टी यांचा समावेश अनेकांना नवा वाटेल. मुंबईत आयुष्य काढलेल्या माणसाचे कान किती सोसतात, हे मी रोज पाहतो. चष्मा सहज लावणारी माणसे श्रवणयंत्र मात्र खिशात ठेवतात, कारण ते म्हातारपणाचे चिन्ह वाटते. ऐकू येईनासे झाले की माणूस गप्पांतून बाहेर पडतो, मेंदूचे काम कमी होते आणि एकटेपणा वाढतो. ई४ असलेल्या माणसाने तर रक्तदाब आणि कान या दोन गोष्टींत जराही हयगय करू नये.

आजाराच्या प्रमाणाविषयी बरीच गल्लत होते, म्हणून तेही लिहितो. मुंबईतील एका पाहणीचे निष्कर्ष २००१ मध्ये प्रसिद्ध झाले होते, त्यात ६५ वर्षांवरील लोकांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण २.४४ टक्के निघाले. २०२३ मध्ये आलेल्या राष्ट्रीय अभ्यासाने ६० वर्षांवरील भारतीयांत ते ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसे, असल्याचे सांगितले. यावरून आजार तिपटीने वाढला असे कोणी म्हणू नये. दोन्हींची पद्धत, क्षेत्र आणि निदानाचे निकष वेगळे होते.

शोधयात्री (ठाणे)

मी थोडे वेगळे मत मांडतो. मी स्वतः एपीओई चाचणी केली आहे, माझ्या दोन्ही प्रती ई४ आहेत, आणि मला त्याचा पश्चात्ताप नाही. जे कळले त्यामुळे मी सिगारेट सोडली, आर्थिक कागदपत्रे आणि वैद्यकीय निर्णयांविषयीच्या माझ्या इच्छा पत्नीबरोबर बसून लिहून ठेवल्या. माणसाला सत्य पेलत नाही, हे गृहीत धरणे मला मान्य नाही. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात, ज्यांच्या आईला किंवा वडिलांना अल्झायमर होता अशा लोकांना त्यांचा एपीओई प्रकार सांगण्यात आला. वर्षभरानंतर पाहिले, तर तो सांगितलेल्यांची चिंता किंवा नैराश्य न सांगितलेल्यांपेक्षा एकंदरीत वाढलेले नव्हते.

सूक्ष्मदर्शी (परळ)

शोधयात्री, तुमच्या धैर्याबद्दल आदर आहे आणि तो प्रयोगही मला ठाऊक आहे. मात्र त्यात प्रत्येकाला चाचणीपूर्वी आणि नंतर प्रशिक्षित समुपदेशकाने समोर बसून माहिती दिली होती. येथे एका घाबरलेल्या माणसाला ईमेलवर लाल ओळ मिळाली. दोन्हींना ‘चाचणी’ हा एकच शब्द लावला तरी अनुभव वेगळे आहेत. डीएनएची रचना शोधणाऱ्या दोघांपैकी एक असलेल्या जेम्स वॉटसन यांनी आपला संपूर्ण जनुकसंच जगासाठी खुला केला, तेव्हा एपीओईचा भाग तेवढा झाकून ठेवायला सांगितला होता, कारण त्यांच्या आजीला अल्झायमर झाला होता. ज्ञानाची भीती नसलेल्या माणसालाही हे एक पान बंद ठेवावेसे वाटले, तर निशिगंधताईंनी तसे ठरवले म्हणून त्या कमी धीट ठरत नाहीत.

पारिजातक (गिरगाव)

एक पुरवणी जोडतो. आजाराचे निदान झाल्यावर मात्र या चाचणीला प्रत्यक्ष उपयोग आहे. लेकानेमॅब आणि डोनानेमॅब ही अमायलॉइड काढून टाकणारी औषधे अमेरिकेत अनुक्रमे २०२३ आणि २०२४ मध्ये मंजूर झाली. त्यांच्यामुळे मेंदूला सूज येण्याचा किंवा सूक्ष्म रक्तस्राव होण्याचा धोका असतो, आणि दोन ई४ असलेल्या रुग्णांत तो सर्वांत जास्त असतो. म्हणून ही औषधे सुरू करण्यापूर्वी एपीओई प्रकार पाहतात. विम्याचाही विचार करावा. अमेरिकेत २००८ पासून जनुकीय भेदभावाविरुद्ध कायदा आहे, पण त्यातूनही आयुर्विमा वगळलेला आहे. आपल्याकडे असा स्वतंत्र कायदाच नाही. निरोगी माणसाने अशी चाचणी करण्यापूर्वी हे लक्षात घ्यावे.

मुलुंडकर

सर्वांचे मनापासून आभार. मेहुण्यांसाठी परळच्या एका मोठ्या रुग्णालयात न्यूरॉलॉजीची वेळ मिळाली आहे आणि जनुकीय समुपदेशनाचीही चौकशी केली आहे. त्यांच्या दोन्ही मुलांना आम्ही अद्याप काही सांगितलेले नाही. सांजवेळ यांचा प्रतिसाद वाचल्यावर आता सांगणार आहोत.

निशिगंध (विलेपार्ले)

दहा दिवसांनी पुन्हा लिहिते आहे. सूक्ष्मदर्शी सरांनी वयाचा मुद्दा मांडला, त्यानंतर मी एक वही घेतली आणि आईकडच्या एकेका नातेवाइकाला फोन लावले. चिपळूणचा मावसभाऊ, पुण्याची मामी आणि गावातले ८८ वर्षांचे शेजारी, ज्यांनी आजीला शेवटपर्यंत पाहिले होते. मी ‘म्हातारचळ’ हा शब्द वापरला नाही. आजीचे हिशेब कधीपासून चुकू लागले, ती चुलीवर दूध विसरायला कधी लागली, असे विचारले. लोकांना वर्षे आठवत नाहीत, पण घटना आठवतात. शेजारी म्हणाले की कोकण रेल्वे सुरू झाली तेव्हा आजी शुद्धीवर होती आणि त्यानंतर दोन-तीन वर्षांनी ती माणसे ओळखेनाशी झाली. म्हणजे तेव्हा ती ७५च्या पुढे होती. मावशीला ७७व्या वर्षी सुरुवात झाली, आईला ७३व्या. आजीचा भाऊ ९१ वर्षांचा होईपर्यंत तल्लख होता, हे मला प्रथमच कळले. आमच्या घरात सत्तरीपूर्वी कोणालाही हा आजार झालेला नाही.

वही भरताना आणखी एक गोष्ट दिसली. आईला पन्नाशीपासून डाव्या कानाने ऐकू येत नव्हते आणि आम्ही मुले तिला ‘तुझे लक्ष नसते’ म्हणून रागवत होतो. तिला श्रवणयंत्र घेऊन दिले नाही. ते घेतले असते तर आजार टळला असता, असे मी म्हणत नाही, परंतु पारिजातक यांचा परिच्छेद वाचून मी बराच वेळ नुसती बसून राहिले.

भावाला घेऊन डॉक्टरांकडे गेले होते. त्याचा रक्तदाब १५४/९६ निघाला. दोन वर्षांपूर्वीच्या तपासणीतही तो वाढलेला होता आणि त्याने तिकडे दुर्लक्ष केले होते. बी-१२ सुद्धा बरेच कमी आहे. आता औषधे सुरू झाली आहेत. मोबाईल क्रमांकांची रात्रीची उजळणी अजून पूर्ण थांबलेली नाही, पण या आठवड्यात दोन रात्री तो सलग झोपला, असे वहिनी सांगत होती. मी स्वतः चाचणी सध्या करणार नाही. पुढच्या सोमवारी कानांची तपासणी आहे आणि मुलगी सोबत येणार आहे. तिला वही दाखवली तेव्हा तिने बाबांच्या बाजूची पाने कुठे आहेत, असे विचारले. ती पाने अजून कोरी आहेत. रविवारी सासूबाईंच्या धाकट्या बहिणीला दापोलीला फोन करणार आहे.